बाल्सा, आपल्या पऱ्हाटीचा भाऊबंद

पुतण्यासाठी बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाच्या खेळण्यातल्या विमानाचं किट मागवलं, पार्सल आईच्या हातात दिलं तर म्हणे रिकामाच डबा पाठवला का रे बापा. आत पातळ पट्ट्या, लेझरने कापलेल्या पंखाच्या फासळ्या, एक नकाशा, टिश्यू कागद आन् लांबच लांब रबर. पोट्टं जुळवत बसलं नं मी हे सगळं आलं कुठून ते शोधत बसलो.

रबर पिळून उडणारं विमान हे खऱ्या विमानापेक्षा जुनं आहे. १८७१ मध्ये अल्फोन्स पेनो नावाच्या फ्रेंच माणसाने पॅरिसच्या बागेत असं एक उडवून दाखवलं, ११ सेकंदात जवळपास ४० मीटर गेलं. त्याच्याच धर्तीचं बूच, बांबू नं कागदाचं एक उडतं खेळणं १८७८ मध्ये राईट भावांना त्यांच्या बापाने आणून दिलं होतं, आणि आपल्याला विमानाचं वेड तिथून लागलं असं ते दोघं पुढे स्वतःच सांगायचे. म्हणजे आधी खेळणं उडालं, राईट भावांचं विमान त्या खेळण्यानंतर पंचवीस वर्षांनी.

बाल्सा तेव्हा यात नव्हतंच. हे झाड दक्षिण अमेरिकेतलं, आजही बहुतेक माल इक्वेडोरचा. स्पॅनिशमध्ये बाल्सा म्हणजे तराफा, कारण तिकडचे लोक पहिलेपासून याचे तराफे करत, १९४७ मध्ये थॉर हेयरडाल नावाचा नॉर्वेचा माणूस असल्याच ओंडक्यांवर पेरूहून निघून १०१ दिवस पॅसिफिकमध्ये तरंगत गेला. सागवान याच्या चौपट जड भरतं. पण मला मजा वाटली ती वेगळ्याच गोष्टीची, हे झाड आपल्या कापसाच्या कुळातलं, धुऱ्यावरच्या काटसावरीचं तर जवळचं नातेवाईक, याचंही बोंड फुटतं आणि आतून सावरीसारखा मऊ कापूस निघतो. सहा-सात वर्षात तोडणीला येते, म्हणूनच लाकूड इतकं हलकं.

किटचा धंदा जोरात आला तो अमेरिकेत. १९२६ मध्ये पॉल गिलो या पहिल्या महायुद्धातल्या नौदलाच्या वैमानिकाने मॅसॅच्युसेट्समध्ये किटची कंपनी काढली, पुढच्याच वर्षी लिंडबर्ग नावाचा अमेरिकन वैमानिक एकटा न्यूयॉर्कहून पॅरिसला उडत गेला आणि तिकडच्या पोरांना विमानाशिवाय काही सुचेना. मंदीच्या काळात दहा सेंटला किट मिळे. मग दुसरं महायुद्ध लागलं, ब्रिटिशांच्या मॉस्किटो विमानाच्या अंगात प्लायवूडच्या दोन थरांमध्ये बाल्सा भरलेलं असे, सगळा माल तिकडे गेला, पोरांच्या किटमध्ये पुठ्ठा आला. युद्धानंतर प्लास्टिकने धंदा खाल्ला. आता बाल्सा पवनचक्कीच्या पात्यात जातं.

आपल्याकडे हे प्रकरण बहुतेकांनी एनसीसीच्या एअर विंगमधेच पाहिलं असेल, तिथे कॅडेटला एरोमॉडेलिंग, म्हणजे विमानाचे छोटे नमुने करणं नं उडवणं, शिकवतात. खेड्यात आम्ही जवारीच्या धांड्याची गाडी करायचो, आतला पांढरा गर नं वरची साल, हलकेपणात तेही काही कमी नव्हतं, फक्त उडायचं नाही.

पंखावरचा टिश्यू कागद ताणायला वरून जे डोप नावाचं पॉलिश लावतात ना, त्याचा मूळ माल म्हणजे कापसावर नायट्रिक अॅसिडची प्रक्रिया करून केलेला नायट्रोसेल्युलोज. खऱ्या विमानाच्या कापडी पंखालाही असलंच डोप लावायचे. म्हणजे लाकूड कापसाच्या भावकीतलं आणि वरचं पॉलिशही कापसाचंच, आता इकडे आपल्या कापसाला भाव भेटत नाही तो भाग वेगळा.

डोपच्या आधी कागदावर पाण्याचा फवारा मारतात, कागद सावकाश वाळता वाळता ताणला जातो. हे सावकाश प्रकरण मे महिन्यात आमच्याइकडे जमत नाही, पुतण्याने फवारा मारला नं फळीला पिना न लावता तसाच पंख अंगणात ठेवला, पाच मिनिटात पापडासारखा वाकडा. आता वाफेवर धरून त्याचा पीळ काढणं चालू आहे, आन् आई म्हणते चहाचं आधण ठेवलं होतं मी त्या गॅसवर.