ग्रीन टीला आधण नको

वांगं चिरलं की आपण फोडी लगेच पाण्यात टाकतो, नाहीतर त्या काळ्या पडतात. चहाच्या पानाचंही तसंच आहे. पान चुरगळलं की त्यातलं पॉलिफेनॉल ऑक्सिडेझ हे विकर (एन्झाइम) हवेतला ऑक्सिजन घेऊन कॅटेचिन या तुरट रेणूंचं रूप पालटतं. आपला रोजचा चहा असा मुद्दाम काळा पडू दिलेला असतो. ग्रीन टी त्याच झाडाचा, फक्त पान तापवून विकर आधीच निकामी केलेलं.

तापवायचं कसं, इथे चव ठरते. चीनमध्ये हांगझौचा लोंगजिंग हा ग्रीन टी कढईत हाताने दाबून दाबून परततात. म्हणून त्याची पानं चपटी आणि वास किंचित खरपूस. जपानी सेंचा वाफवतात, त्याला हिरव्या भाजीचा ताजा वास येतो. वाफवून, मळून वाळवायची ही रीत जपानच्या उजी भागातल्या नागातानी सोएन यांनी १७३८ मध्ये बसवली, असं मानतात.

ग्योकुरो या जपानी ग्रीन टीची गंमत और आहे. खुडणीआधी साधारण वीस दिवस झुडपांवर सावली धरतात. मुळांकडून येणाऱ्या थिअनिन या अमिनो आम्लाचं उन्हात कॅटेचिन होत जातं; सावलीत ते बरंचसं तसंच राहतं. चव तुरट न होता दाट आणि गोडसर लागते. माचा म्हणजे अशाच सावलीतल्या पानांची पूड.

आता आपली चूक. आपल्याला चहा म्हटलं की आधण खळखळलंच पाहिजे! पण थिअनिन कोमट पाण्यातही सुटतं, तर कॅटेचिन आणि कॅफिन पाणी जितकं कढत तितके भराभर उतरतात. ‘ग्रीन टी कडूच असतो’ म्हणणाऱ्या बहुतेकांनी तो कढत पाण्याने पोळलेला असतो, असं माझं मत आहे.

थर्मामीटर नको. उकळलेलं पाणी एका थंड कपातून दुसऱ्यात ओतलं की दर खेपेला सुमारे दहा अंश उतरतं. दोनदा ओता, ८०च्या आसपास येईल: लोंगजिंगला ठीक. सेंचाला आणखी एकदा, आणि मिनिटभरात गाळून घ्या. ग्योकुरोला ५० ते ६० अंश, पाणी अगदी घोटभर, वेळ दोन मिनिटं. शेवटचा थेंबही निथळू द्या. पानं पाण्यात राहिली तर पुढचा कप कडू.

आधणाशिवाय करमतच नसेल तर होजिचा हा जपानी ग्रीन टी आणा. तो भाजलेला, कॅफिन कमी. त्यावर खळखळतं पाणी खुशाल ओता.