यकृतातले काचेचे मणी आणि जड पिशवीचा प्रश्न

कर्करोगाच्या रुग्णांना जगभर एक प्रश्नावली भरायला देतात. एकूण 30 प्रश्न. पहिलाच प्रश्न असा: बाजाराची जड पिशवी किंवा सुटकेस उचलायची झाली तर त्रास होतो का? मग चालणं, अंथरुणाला खिळणं, कपडे घालताना कुणाची मदत लागते का, झोप, भूक, मळमळ, काळजी, पैशांची ओढाताण. शेवटचे दोन प्रश्न सोडले तर उत्तरं चारच: अजिबात नाही, थोडा, बराच, खूप. या प्रश्नावलीचं मराठी रूपही आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ते इथल्या रुग्णांवर पडताळून पाहिलं आहे.

यकृताच्या गाठीवरच्या रेडिओएम्बोलायझेशन या उपचाराविषयी बोलताना ही प्रश्नावली मला फार मोलाची वाटते. तिच्यात डोकावण्याआधी उपचार काय आहे ते पाहू.

यकृताला रक्त दोन वाटांनी मिळतं. निरोगी यकृताची बहुतेक गरज आतड्यांकडून येणारी पोर्टल शिरा भागवते. गाठ मात्र जवळजवळ सगळं रक्त धमनीतून ओढून घेते. डॉक्टर या फरकाचाच फायदा घेतात. जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी सरकवत ते गाठीला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या फांदीपर्यंत जातात आणि तिथे लाखो सूक्ष्म मणी सोडतात. काचेचा मणी साधारण 20 ते 30 मायक्रोमीटरचा, म्हणजे केसाच्या जाडीहूनही लहान. त्यात यिट्रियम-90 हे किरणोत्सारी मूलद्रव्य असतं. मणी गाठीच्या केशवाहिन्यांत अडकतात आणि तिथूनच मारा करतात. त्यांचे बीटा कण ऊतीत सरासरी अडीच मिलिमीटर, फार तर 11 मिलिमीटर जातात. मण्यांची कुपी ठेवायची पेटी शिशाची नसून जाड ॲक्रिलिकची असते, कारण बीटा कण शिशावर आदळले की उलट क्ष-किरण तयार होतात. ॲक्रिलिकमध्ये ते निमूटपणे थांबतात.

मणी चुकीच्या वाटेला लागले तर? जठराकडे गेले तर तिथे व्रण होतो आणि तो सहज भरून येत नाही. फुप्फुसांत गेले तर फुप्फुसदाह होतो. म्हणून काही दिवस आधी रंगीत तालीम होते. तशाच नळीतून टेक्नेशियम हे सौम्य किरणोत्सारी द्रव्य जोडलेले प्रथिनांचे कण सोडतात आणि ते कुठे कुठे पोचले हे कॅमेऱ्यावर पाहतात. एका वेळी फुप्फुसांना 30 ग्रेपेक्षा (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक) जास्त मात्रा मिळेल असं दिसलं, तर मात्रा कमी करतात किंवा बेत रद्द करतात. या उपचाराच्या सुरक्षिततेचा मोठा वाटा या तालमीत आहे. ती झाल्यावर डॉक्टरांनी ‘तुम्हाला हे नको’ म्हटलं, तर तो निर्णय रुग्णाच्या भल्याचाच असतो.

आता फ्रान्समधल्या ‘सारा’ या चाचणीकडे येऊ. 2011 ते 2015 या काळात 25 केंद्रांत यकृताच्या कर्करोगाचे 467 रुग्ण तिच्यात घेतले. निम्म्यांना यिट्रियमचेच, पण काचेऐवजी रेझिनचे (एक प्रकारच्या प्लास्टिकचे) मणी द्यायचे, निम्म्यांना सोराफेनिब या कर्करोगावरच्या औषधाच्या गोळ्या. निकाल 2017 मध्ये आला. मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) मण्यांच्या गटात 8 महिने, गोळ्यांच्या गटात 9.9 महिने. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही, पण मण्यांनी आयुष्य वाढवलं असंही म्हणता येईना. आशियातल्या ‘सर्व्हेनिब’ चाचणीतही तेच दिसलं: 8.8 आणि 10 महिने.

मात्र ते महिने सारखे गेले नाहीत. सर्व्हेनिबमध्ये गंभीर त्रास झालेले रुग्ण मण्यांच्या गटात 27.7 टक्के, तर गोळ्यांच्या गटात 50.7 टक्के होते. सोराफेनिबने तळहात-तळपाय सोलवटतात, जुलाब होतात. हातापायांची अशी दशा झालेल्या माणसाला पिशवीच्या प्रश्नावर ‘खूप’ हेच उत्तर द्यावं लागतं. सारामध्ये एकंदर जीवनमानाचे गुण मण्यांच्या गटात चांगले राहिले. अर्थात प्रकृती खालावलेला माणूस अर्ज भरायचंच सोडतो, त्यामुळे असे गुण जपूनच वाचावेत. तरीही, हाती महिने मोजकेच असताना ते कसे जातात याला माझ्या लेखी औषधाच्या परिणामाइतकंच वजन आहे.

पुढे चित्र बदललं. फार वाढलेल्या आजारात आता सोराफेनिबपेक्षा सरस इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारे उपचार, आले आहेत. मण्यांचा खरा उपयोग दिसतो तो 8 सेंटिमीटरपर्यंतच्या एकाच गाठीत. 2021 च्या ‘लेगसी’ अभ्यासातल्या अशा 162 रुग्णांपैकी 86.6 टक्के तीन वर्षांनी हयात होते. त्यातल्या काहींची नंतर शस्त्रक्रिया किंवा यकृतारोपण झालं होतं आणि तुलनेला दुसरा गट नव्हता, हेही सांगायला हवं. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने असे काचेचे मणी देशातच तयार केले आहेत. त्यांचं नाव भाभास्फिअर. परदेशी मण्यांची किंमत पाहता ही बातमी मला फार दिलासा देणारी वाटली.

घरी आल्यावर सगळ्यात जास्त जाणवतो तो थकवा. सोबत मळमळ, भूक मंदावणं, बारीक कसकस, उजव्या बरगडीखाली दुखणं. बहुतेकांना एक-दोन आठवड्यांत उतार पडतो. घरच्यांची धास्ती वेगळीच असते: नातवंडाला जवळ घेऊ का? यिट्रियमचं अर्धायुष्य 64 तासांचं. 11 दिवसांत सुमारे 94 टक्के किरणोत्सार संपतो, आणि शरीराबाहेर येतो तो अगदी थोडा. पहिला आठवडाभर तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन बसणं टाळायचं, गरोदर सुनेपासून थोडं अंतर ठेवायचं. एकत्र जेवायला मात्र काहीच हरकत नाही. काचेऐवजी रेझिनचे मणी असतील तर पहिला दिवस लघवीनंतर दोनदा पाणी सोडायचं आणि हात नीट धुवायचे.

खरी नजर ठेवायची ती नंतर, थकवा ओसरून सगळं मार्गी लागल्यासारखं वाटतं तेव्हा. साधारण चौथ्या ते आठव्या आठवड्यात क्वचित किरणांमुळे निरोगी यकृतच कोलमडतं. डोळे पिवळे होतात, पोटात पाणी साठतं. आधीच सिरॉसिस (यकृत निबर होण्याचा आजार) असलेल्यांना हा धोका जास्त. म्हणून बरं वाटत असलं तरी त्या दोन महिन्यांतली बिलिरुबिनची (काविळीत वाढणाऱ्या रक्तातल्या पिवळ्या द्रव्याची) तपासणी चुकवायची नाही, आणि कमरेला नाडी अचानक घट्ट होऊ लागली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा.