कूलंट पातळी दोषसंकेताचे निदान

इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची पातळी ठरलेल्या खुणेखाली गेली किंवा ती मोजणारा सेन्सर बिघडला, की वाहनाचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक जो क्रमांक नोंदवतो तो कूलंट पातळी दोषसंकेत. गाडीतील दोष क्रमांकांनी सांगणाऱ्या ओबीडी-२ या प्रमाणित पद्धतीत पी२५६० म्हणजे पातळी कमी. पी२५५६ ते पी२५५९ हे सेन्सरच्या सर्किटचे संकेत. ट्रक-बसमधील जे१९३९ या संदेशवहन प्रणालीत एसपीएन, म्हणजे दोष कशात आहे ते सांगणारा क्रमांक, १११ दिसतो. त्याला जोडून येणारा एफएमआय, म्हणजे दोषाचा प्रकार सांगणारा आकडा, १ असेल तर पातळी धोक्याइतकी खाली, १८ असेल तर मध्यम खाली, आणि ३ वा ४ असेल तर दोष व्होल्टेजचा, म्हणजे वायरिंगचा किंवा सेन्सरचा. हा दुसरा आकडा न वाचता टाकी भरायला घेणे म्हणजे निदान सोडून देणे. अनेक लहान गाड्यांत पातळीचा सेन्सरच नसतो. तिथे तापमानाचा दिवा लागेपर्यंत काही कळत नाही.

नागपुरात या संकेताकडे दुर्लक्ष महागात पडते. राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि ५३ इथे मिळतात, अमरावती रोडवरच्या वाडी भागात मालवाहू गाड्यांची वर्दळ असते आणि मुंबईकडे ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग निघतो. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो हे कूलंट व हवा यांच्या तापमानातील फरकावर ठरते. कूलंट ९५ अंशांवर असताना २५ अंशांच्या हवेत हा फरक ७० असतो. मे महिन्यातल्या ४५ अंशांत तो ५० वर येतो. इतक्या कमी राखीव क्षमतेत लिटरभर कूलंटही मोलाचे असते.

तपासणी इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच करावी. गरम असताना झाकण उघडले तर दाबाखालचे कूलंट उसळून गंभीर भाजते. गाडी सपाट जागी उभी करून टाकीवरील मिन-मॅक्स खुणा पाहाव्यात. पातळी खरोखर कमी असेल तर द्रव गेला कुठे हे शोधावे लागते. दाबमापक असलेल्या हातपंपाने झाकणावर छापलेल्या दाबाइतकी हवा भरून काटा उतरतो का ते पाहतात; होज पाइप, क्लिप, वॉटर पंपाचे निचरा-छिद्र, रेडिएटरची जाळी आणि हीटर तपासतात. बाहेर थेंबही नसेल आणि टाकीत सतत बुडबुडे, धुराड्यातून पांढरी वाफ किंवा दुधाळ ऑइल दिसत असेल, तर संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामधल्या सीलवर जातो. डिझेल गाड्यांत ईजीआर कूलरही, म्हणजे इंजिनात परत सोडला जाणारा धूर थंड करणारा भागही, आतून गळतो.

पातळी बरोबर असूनही संकेत येत असेल तर सेन्सरकडे वळावे. तरंगता फ्लोट तडकून बुडतो, किंवा न जुळणारी कूलंट मिसळल्याने झालेल्या गाळात अडकतो. दोन पिनांचा सेन्सर द्रवाच्या विद्युतवाहकतेवर चालतो. टाकीत निव्वळ डिस्टिल्ड वॉटर असेल तर भरलेली टाकीही त्याला रिकामी वाटू शकते. शेवटी कनेक्टरमधील गंज आणि वायरिंग मल्टिमीटरने पाहतात.

बोअरचे पाणी ओतून संकेत पुसण्याची सवय मात्र सोडलीच पाहिजे. घरातल्या कूलरच्या वाळ्यावर उन्हाळाभर चढणारा पांढरा थर तसाच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. कूलंट व डिस्टिल्ड वॉटर यांचे प्रमाण उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे ठेवावे. सहसा ते निम्मे-निम्मे असते. भरल्यावर आत अडकलेली हवा काढली नाही तर पहिल्या फेरीनंतर पातळी पुन्हा उतरते, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर ती पुन्हा पाहून मगच स्कॅनरने संकेत पुसतात.