जेरुसलेमात ‘सुईचं नेढं’ नावाची वेस होती का?

फिरत असलेला मजकूर असा: जेरुसलेमच्या तटात ‘सुईचं नेढं’ नावाची चिंचोळी वेस होती, ओझं उतरवून, गुडघे टेकूनच उंट तिच्यातून जाई, ‘श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नेढ्यातून जाणं सोपं’ हे येशूचं वचन त्या वेशीबद्दल आहे.

ही गोष्ट पटते, कारण किल्ल्यांच्या दारातली दिंडी आपण वाकून ओलांडलेली असते. पण अशा वेशीचा प्राचीन पुरावा नाही. हा खुलासा मध्ययुगात, शेकडो वर्षांनी दिसू लागतो. आज दिसणारा तटही 16व्या शतकातला, उस्मानी काळातला.

घरी बायबल असेल तर नहेम्याचा 3रा अध्याय काढा. बाबेलच्या सैन्याने पाडलेला तट पुन्हा बांधताना कोणी कुठली वेस दुरुस्त केली, त्याची ही यादी: मेंढेवेस, मत्स्यवेस, जुनी वेस, खोरेवेस, उकिरडावेस (कचरा बाहेर नेण्याची!), घोडेवेस. नेढं त्यात कुठेच नाही.

मग मत्तय 19:24 वाचा. मूळ ग्रीक शब्द शिवणाच्या सुईचाच आहे. पुढच्याच ओळीत शिष्य थक्क होऊन विचारतात, मग तारण कोणाचं होणार? उंट वाकून जाऊ शकला असता, तर ते इतके हादरले नसते. तालमूद या ज्यूंच्या धर्मग्रंथातही सुईच्या नेढ्यातून जाणारा हत्ती येतो, अशक्याचा दाखला म्हणूनच.