सिग्नल अधिकारी (भारतीय सेना)

भारतीय सेनेच्या सिग्नल कोअरमधील, म्हणजे संदेश पोचवणाऱ्या शाखेतील, कमिशनप्राप्त (अधिकारपदाची सनद मिळालेला) अधिकारी. आघाडीवरची तुकडी आणि तिचे मुख्यालय यांच्यातील बोलणे, लेखी संदेश, नकाशे आणि संगणकीय माहिती वेळेत, न तुटता आणि शत्रूच्या कानी न पडता पोचवणे ही या अधिकाऱ्याची मूळ जबाबदारी आहे. मराठी वृत्तपत्रांत या कोअरसाठी ‘दळणवळण विभाग’ असा शब्द कधीकधी वापरला जातो. तो दिशाभूल करणारा आहे, कारण दळणवळणात गाड्या आणि मालवाहतूकही येते आणि ते काम सेनेत आर्मी सर्व्हिस कोअर करते. ‘संदेशवहन’ हा शब्द नेमका आहे. खुद्द सैनिक मात्र सरळ ‘सिग्नल्स’ म्हणतात.

एकोणिसाव्या शतकात संदेशवहन हे सॅपर्स अँड मायनर्स, म्हणजे सेनेतील अभियंत्यांच्या पलटणींचेच एक जोडकाम होते. निशाणे, दिवे, आरशाने सूर्यप्रकाश परावर्तित करून संदेश देणारा हेलिओग्राफ आणि तारायंत्र ही त्यांची साधने होती. १५ फेब्रुवारी १९११ रोजी फतेहगढ येथे लेफ्टनंट कर्नल एस. एच. पॉवेल यांच्या हाताखाली स्वतंत्र सिग्नल कंपन्या उभ्या राहिल्या. हाच दिवस कोअरचा स्थापना दिन मानला जातो. पुढे जबलपूर हे कोअरचे घर झाले. ‘तीव्र चौकस’ हे कोअरचे बोधवाक्य आहे, तर बोधचिन्हावर देवांचा दूत मर्क्युरी आहे; सैनिकांच्या तोंडी त्याचे नाव ‘जिमी’. स्वातंत्र्यानंतर सिग्नलचे पहिले भारतीय प्रमुख झालेले ब्रिगेडियर ए. सी. इयप्पा पुढे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्याचे प्रमुख झाले. हा कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला आणि सेनेचे वायरलेस संच देशात बनवण्याचे काम त्याने हाती घेतले.

सिग्नल अधिकारी म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर असणारच, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. कोअरमध्ये येण्याच्या वाटा अनेक आहेत आणि त्यांतल्या काहींना तांत्रिक पदवी लागतच नाही. पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत सेनेच्या शाखेसाठी कोणत्याही शाखेचा बारावी उत्तीर्ण उमेदवार चालतो. तीन वर्षांनंतर त्याला दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते आणि डेहराडूनच्या भारतीय सैनिकी अकादमीत एक वर्ष काढल्यावर कमिशन मिळते. कोणती शाखा मिळणार हे तिथे शेवटच्या टप्प्यात ठरते. छात्र आपली पसंती लिहून देतो, पण निर्णय गुणक्रम आणि उपलब्ध जागा यांवर होतो. त्यामुळे बारावीला इतिहास घेतलेला मुलगा सिग्नलमध्ये दाखल होऊ शकतो. पदवीनंतर संयुक्त संरक्षण सेवा परीक्षेतून येणाऱ्यांचेही तसेच. महाराष्ट्रातून प्रबोधिनीत जाऊ इच्छिणाऱ्या मुलांसाठी राज्य शासनाने १९७७ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था सुरू केली आणि तिच्यातून आजवर अनेक अधिकारी घडले.

दुसरी वाट तांत्रिक प्रवेशाची आहे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेतलेल्यांसाठी टेक्निकल एंट्री स्कीम असून तिच्यात सैनिकी प्रशिक्षणाबरोबरच अभियांत्रिकीच्या पदवीचे शिक्षण सेना स्वतःच देते. हा काळ पूर्वी पाच वर्षांचा होता, अलीकडे तो चार वर्षांवर आणला आहे. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातील किंवा पदवीधर उमेदवारांसाठी डेहराडूनचा टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्स आणि चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीतील ४९ आठवड्यांचा शॉर्ट सर्व्हिस (टेक्निकल) कोर्स असे दोन पर्याय आहेत. दोन्हींची वयोमर्यादा २० ते २७ वर्षे. शॉर्ट सर्व्हिस म्हणजे दहा वर्षांची नोकरी, आणखी चार वर्षे वाढवता येणारी. उमेदवार कोणत्याही वाटेने आला तरी पाच दिवसांची एस.एस.बी. (सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड) मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी चुकत नाही. येथे एक सावधगिरीची सूचना केलेली बरी. तांत्रिक प्रवेशातून निवड झाली म्हणजे सिग्नलच मिळते असे नाही. इंजिनिअर्स, सिग्नल्स आणि ई.एम.ई. (यंत्रे व इलेक्ट्रॉनिक उपकरणे दुरुस्त करणारी शाखा) या तिन्ही कोअरमध्ये उमेदवार वाटले जातात, आणि संगणक अभियांत्रिकीचा पदवीधर पूल बांधणाऱ्या पलटणीत पोचल्याची उदाहरणे आहेत.

खरे शिक्षण सुरू होते ते कमिशननंतर, मध्य प्रदेशातील महू येथे. मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग ही कोअरची मातृसंस्था आहे. १९४६ मध्ये सिग्नल स्कूल म्हणून तिची सुरुवात झाली आणि १९६७ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. (महू हे नाव ‘मिलिटरी हेडक्वार्टर्स ऑफ वॉर’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून पडले, अशी एक लोणकढी थाप छावणीत हमखास ऐकू येते. प्रत्यक्षात ते जवळच्या मूळ खेड्याचे नाव आहे. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिकवत असताना १८९१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म याच छावणीत झाला. त्यामुळे मराठी माणसाला महू सिग्नल्सच्या आधी त्या कारणाने ठाऊक असते.) नवा लेफ्टनंट येथे प्रथम यंग ऑफिसर्स कोर्स करतो. त्यात रेडिओ, टेलिफोन एक्सचेंज, संगणक जाळे, सांकेतिक लिपी यांबरोबरच तुकडी हलत असताना संदेशवहनाची योजना कशी आखायची हे शिकवले जाते. ज्याच्याकडे अभियांत्रिकीची पदवी नाही, त्याला काही वर्षांच्या नोकरीनंतर याच महाविद्यालयात पूर्ण वेळ पदवीचा अभ्यासक्रम करता येतो. तोवर तो एखाद्या पहाडी ब्रिगेडमध्ये दोन हिवाळे काढून आलेला असतो. अँटेनाचा सिद्धांत त्याला नंतर भेटतो, अँटेना आधी.

तांत्रिक ज्ञान लागते कशाला, हे एका साध्या उदाहरणावरून कळते. डोंगराळ भागात दोन ठाण्यांच्या मध्ये डोंगराची धार आली की सैन्यात सर्वाधिक वापरला जाणारा अतिउच्च वारंवारतेचा (व्ही.एच.एफ.) संच मुका होतो, कारण त्याच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. मग एकतर धारेवर पुनर्प्रक्षेपणाची चौकी बसवावी लागते, तीही पाणी, अन्न आणि बॅटऱ्या पाठीवरून वाहून, नाहीतर ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या उच्च वारंवारतेकडे वळावे लागते. या लहरी वातावरणाच्या आयनीभूत (विद्युतभारित) थरावरून परतून दूर पोचतात. पण तो थर सूर्यावर अवलंबून असल्याने दिवसा चालणारी फ्रिक्वेन्सी रात्री चालत नाही. रात्रीसाठी खालची निवडावी लागते, आणि बदल नेमका किती वाजता करायचा हे दोन्ही टोकांना आधी ठाऊक असावे लागते. त्यात थंडीने बॅटरीची ताकद घटते. शिवाय जो संच बोलतो तो आपली जागाही सांगतो. शत्रूचे दिशाशोधक यंत्र ऐकतच असते. त्यामुळे केव्हा बोलायचे याइतकेच केव्हा गप्प बसायचे हेही सिग्नल अधिकारी ठरवतो. जमिनीवरून टाकलेली तार या बाबतीत सुरक्षित, पण तोफगोळ्याने तुटणारी. २० ऑक्टोबर १९६२ च्या पहाटे आजच्या अरुणाचल प्रदेशातील नामका चू नदीकाठी चिनी माऱ्यात ७ इन्फन्ट्री ब्रिगेडच्या टेलिफोन तारा तुटल्या आणि मुख्यालयाचा पलटणींशी संबंध संपला. एकाच माध्यमावर भिस्त ठेवू नये, ही शिकवण सिग्नल्समध्ये तेव्हापासून विशेष गंभीरपणे घेतली जाते.

पहिली नेमणूक बहुधा डिव्हिजनच्या सिग्नल रेजिमेंटमध्ये होते. एका डिव्हिजनमध्ये काही ब्रिगेड आणि एका ब्रिगेडमध्ये काही पलटणी असतात. प्रत्येक ब्रिगेडबरोबर एक सिग्नल कंपनी असते आणि तिचा प्रमुख मेजर असतो. ब्रिगेडियरच्या बंकरमध्ये फोन लागत नसेल तर दुरुस्ती करणारा लाइनमन कोण होता हे कोणी विचारत नाही, मेजरला विचारतात. संदेशवहनाची जबाबदारी वरच्या मुख्यालयाने खालच्यापर्यंत न्यायची असा दंडक आहे. ती पलटणीच्या मुख्यालयापर्यंत येऊन थांबते. पुढे कंपन्या आणि चौक्यांपर्यंतचे काम पलटणीची स्वतःची सिग्नल प्लाटून करते आणि तिचा अधिकारी पायदळाचाच असतो, सिग्नल्सचा नव्हे. बाहेरच्यांचा येथे नेहमी घोटाळा होतो. सिग्नल अधिकाऱ्याच्या हाताखाली ऑपरेटर, लाइनमन, इलेक्ट्रॉनिक उपकरणांचे मेकॅनिक आणि मोटारसायकलवरून टपाल नेणारे डिस्पॅच रायडर असतात. या रायडरांच्या परंपरेतूनच ‘डेअर डेव्हिल्स’ हे कोअरचे मोटारसायकल कसरतींचे पथक आले आहे. जवान घडतात दोन केंद्रांत : एक जबलपूरला, दुसरे गोव्यात पणजीजवळ. मडगावकडून पणजीला येताना बांबोळीच्या पठारावर जी छावणी दिसते, ती याच दुसऱ्या केंद्राची. तरुण अधिकाऱ्याला तेथे प्रशिक्षक म्हणून नेमणूक मिळाली की मित्र हेवा करतात, आणि तो का करतात हे सांगायला नको.

बढतीचा पहिला भाग सगळ्या सेनेत सारखाच आहे. कमिशनला लेफ्टनंट, दोन वर्षांनी कॅप्टन, सहा वर्षांनी मेजर आणि तेरा वर्षांनी लेफ्टनंट कर्नल. त्यासाठी ‘पार्ट बी’ आणि ‘पार्ट डी’ या खात्यांतर्गत परीक्षा उत्तीर्ण व्हाव्या लागतात. कर्नलपासून पुढे निवड मंडळ बसते. सातव्या वेतन आयोगानुसार लेफ्टनंटचे मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून सुरू होते आणि त्यावर १५,५०० रुपये सैनिकी सेवा वेतन मिळते. दरम्यान शिक्षण चालूच राहते. निवडक अधिकारी सेनेच्या खर्चाने आय.आय.टी.मध्ये किंवा महूलाच एम.टेक. करतात. तमिळनाडूतील वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजला जाण्यासाठी स्पर्धा परीक्षा असते. तांत्रिक कल असलेल्यांसाठी पुण्याच्या गिरिनगरमधील मिलिटरी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत टेक्निकल स्टाफ कोर्स आहे. त्यात तिन्ही दलांचे अधिकारी शस्त्रास्त्रांची आणि यंत्रणांची निवड, चाचणी व खरेदी यांसाठी तयार होतात.

एम.टेक. आणि बढती यांचे नाते मात्र सरळ नाही. निवड मंडळासमोर सर्वांत जास्त वजन असते ते कंपनी किंवा रेजिमेंट कमांड करतानाच्या, वरिष्ठांनी लिहिलेल्या गोपनीय अहवालाला. सांकेतिक लिपीत पारंगत असलेला, पण कमांडचा काळ फिका गेलेला अधिकारी लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त होऊ शकतो. ज्या विषयाला दहा वर्षे एका जागी बसून अभ्यास लागतो, त्यात दर दोन-अडीच वर्षांनी बदली होणारा माणूस किती खोल जाणार हा प्रश्न रास्तच आहे. सायबर सुरक्षेसारख्या क्षेत्रात तो आता अधिकच टोचतो. वरच्या पायऱ्यांवर कोअर (येथे शाखा नव्हे, तर अनेक डिव्हिजनांची मोठी सैन्यरचना) आणि कमांड मुख्यालयातील चीफ सिग्नल ऑफिसर आणि शेवटी दिल्लीतील सिग्नल ऑफिसर-इन-चीफ हे लेफ्टनंट जनरल दर्जाचे पद येते.

१९९२ च्या अखेरीस सिग्नल्सचे दार शॉर्ट सर्व्हिसवर येणाऱ्या महिलांना उघडले. स्थायी कमिशनचा, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंत नोकरीचा, सर्वसाधारण हक्क मात्र १७ फेब्रुवारी २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मिळाला. कर्नल सोफिया कुरेशी या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून जीवरसायनशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेऊन १९९९ मध्ये सिग्नल्समध्ये आल्या. सिग्नल अधिकारी कोणत्या पदवीतून घडू शकतो याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही. २००६ मध्ये त्या काँगोतील संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत होत्या. मार्च २०१६ मध्ये पुण्यात औंधच्या छावणीत झालेल्या ‘फोर्स १८’ या बहुराष्ट्रीय सरावात त्यांनी भारतीय तुकडीचे नेतृत्व केले आणि १८ देशांच्या तुकड्यांत त्या एकमेव महिला प्रमुख होत्या. देशभर त्यांचा चेहरा ओळखीचा झाला तो मे २०२५ मधील ‘ऑपरेशन सिंदूर’च्या पत्रकार परिषदांमुळे. १५ जानेवारी २०२० च्या सेना दिन संचलनात पहिल्या महिला परेड अॅडज्युटंट ठरलेल्या कॅप्टन तानिया शेरगिल याही सिग्नल्सच्याच. त्यांची इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचारातील बी.टेक. पदवी नागपूर विद्यापीठाची आहे.

अधिकाऱ्याच्या हाती येणारी यंत्रणा गेल्या चाळीस वर्षांत पूर्ण पालटली. १९८० च्या दशकात ‘एरेन’ ही फिरती रेडिओ जालव्यवस्था आली, नंतर कायमस्वरूपी ठाण्यांना जोडणारी ‘अॅस्कॉन’. तिच्या चौथ्या टप्प्यासाठी ऑक्टोबर २०२० मध्ये आय.टी.आय. या सरकारी कंपनीशी सुमारे ७,७९६ कोटी रुपयांचा करार झाला. सेनेने मोबाइल सेवांसाठी रेडिओ लहरी मोकळ्या करून द्याव्यात, त्या बदल्यात तिला स्वतंत्र ऑप्टिकल फायबरचे जाळे मिळावे, असाही एक मोठा व्यवहार सरकारने केला. म्हणजे आपल्या खिशातील फोनला जी जागा मिळाली, तिच्यातली काही सिग्नल्सने रिकामी केलेली आहे. मार्च २०२३ मध्ये सेनेसाठीच्या जीसॅट-७बी उपग्रहाचा करार झाला. खड्ड्यात तार पुरणाऱ्या लाइनमनचे काम मात्र यातल्या कशानेही संपलेले नाही.

निवृत्तीनंतर हे अधिकारी दूरसंचार कंपन्या, माहितीकेंद्रे आणि सायबर सुरक्षेच्या क्षेत्रात जातात. शॉर्ट सर्व्हिसवाले तर तिशीतच. राष्ट्रीय सायबर सुरक्षा समन्वयक या पंतप्रधान कार्यालयाशी निगडित पदावर २०१९ ते २०२३ लेफ्टनंट जनरल राजेश पंत होते. ते पूर्वी महूच्या महाविद्यालयाचे प्रमुख होते आणि माहिती सुरक्षेत त्यांनी पीएच.डी. मिळवली आहे. त्यांच्या जागी आलेले लेफ्टनंट जनरल एम. यू. नायर त्याआधी सिग्नल ऑफिसर-इन-चीफ होते.