समुद्रातलं प्लास्टिक मोजताना जाळ्याचं भोक केवढं?

2015 साली अनेक देशांतल्या संशोधकांनी आपापल्या नोंदी एकत्र केल्या. समुद्रात जाळं ओढून सूक्ष्म प्लास्टिक, म्हणजे 5 मिलिमीटरहून लहान तुकडे, मोजल्याच्या या 11 हजारांहून जास्त नोंदी होत्या. उत्तर आलं: पृष्ठभागावर तरंगणारे 15 ते 51 लाख कोटी कण.

दोन टोकांत तिपटीहून जास्त अंतर! पण याला हलगर्जीपणा म्हणणं अन्यायाचं ठरेल. जिथे कुणी जाळं टाकलंच नाही असा समुद्र अफाट आहे. तिथला अंदाज प्रवाहांच्या गणितावरून बांधावा लागतो, आणि गणित बदललं की आकडाही बदलतो.

शिवाय जाळंही सगळ्यांचं सारखं नसतं. बहुतेकांच्या जाळ्याचं भोक मिलिमीटरच्या एक तृतीयांशाएवढं असतं. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याच पाण्यात 0.1 मिलिमीटर भोकाचं जाळं ओढलं, तर अडीचपट कण सापडले. अर्ध्या मिलिमीटरच्या जाळ्याशी तुलना केली तर दहापट. वाराही आकडा फिरवतो. तो जोरात असला की कण खाली घुसळले जातात आणि वरून ओढलेलं जाळं जवळपास रिकामं येतं.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती 2019 साली प्रसिद्ध झालेली परीक्षा. बाटल्यांत प्लास्टिकमुक्त समुद्रजल घेतलं, त्यात प्लास्टिकचे मोजलेले कण आणि फसवे दिसणारे इतर कण मिसळले, आणि जगभरच्या 12 अनुभवी प्रयोगशाळांना ते मोजायला दिले. खरा आकडा आधीच ठाऊक असल्याने चूक लपणार नव्हती. कुणी प्लास्टिक नसलेलं प्लास्टिक धरलं, कुणाच्या नजरेतून खरे कण निसटले. उत्तम पद्धत वापरूनही 1 मिलिमीटरहून लहान कण सुमारे 20 टक्के कमीच मोजले गेले. आपली चूक अशी उघड्यावर मांडायला धैर्य लागतं, आणि दुसऱ्याच्या आकड्याशी आपला आकडा ताडून बघायचा तर त्याला पर्याय नाही. त्याच वर्षी जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने अनेक देशांतल्या तज्ज्ञांना घेऊन पृष्ठभागावरच्या मोजणीसाठी मार्गदर्शिका काढली: जाळं कसं ओढायचं, काय नोंदवायचं, कण कसे ओळखायचे.

एकच पद्धत वर्षानुवर्षं पाळली की काय हाती लागतं, हे ब्रिटनमध्ये आधीच दिसलं होतं. तिथे 1931 पासून मालवाहू जहाजांमागे एक यंत्र ओढलं जातं. त्यातल्या रेशमी पट्टीवर सूक्ष्म जलचर अडकतात. जपून ठेवलेल्या या पट्ट्या प्लायमाउथच्या संशोधकांनी तपासल्या आणि 2004 साली निष्कर्ष मांडले. 1960च्या दशकातल्या पट्ट्यांवरही प्लास्टिक होतं, आणि 1980-90च्या दशकांत ते ठळकपणे वाढलेलं होतं.