श्रेयनामावलीतली एक ओळ

जुलै २०२५ मध्ये दोन आठवड्यांच्या अंतरानं दोन मोठे सुपरहिरोपट आले. ११ तारखेला जेम्स गनचा 'सुपरमॅन' आणि २५ तारखेला मार्व्हलचा 'फँटास्टिक फोर'. सुपरमॅन इतका हळवा असावा का, मार्व्हलची घसरण थांबली का, यावर चाहते हिरिरीनं भांडले. मीही भांडलो. पण मनात राहिलं ते वेगळंच. 'फँटास्टिक फोर' ज्या समांतर पृथ्वीवर घडतो तिचा क्रमांक आहे ८२८. अमेरिकी रिवाजाप्रमाणे महिना आधी लिहिला की हा आकडा २८ ऑगस्ट होतो, म्हणजे 'फँटास्टिक फोर'चा मूळ चित्रकार जॅक कर्बी याचा जन्मदिवस. सिनेमाच्या शेवटी कर्बीचं एक वाक्यही पडद्यावर येतं. ते वाचताना मला भरून आलं. हा मान मिळायला किती वर्षं लागली, आणि तो आपण होऊन दिला गेला नव्हता, हे ठाऊक असल्यामुळे.

गोष्ट सुरू होते १९३८ मध्ये. ओहायोतल्या क्लीव्हलंड शहरातल्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी सुपरमॅनची तेरा पानांची कथा प्रकाशकाला विकली. पानाला दहा डॉलर, एकूण १३० डॉलर, तेही दोघांत वाटून घ्यायचे. त्या पैशांत कथा गेली आणि तिच्याबरोबर सुपरमॅनवरचे हक्कही गेले. त्या वेळी हे कुणालाच वावगं वाटत नव्हतं. कॉमिक्स म्हणजे दहा सेंटांचा स्वस्त माल, आणि चित्रकार-लेखक म्हणजे पानावर पैसे घेणारे कारागीर, अशीच समजूत होती. तो १३० डॉलरचा व्यवहार ज्या चेकवर नोंदला होता, तो चेक २०१२ च्या लिलावात १ लाख ६० हजार डॉलरला गेला.

१९४७ मध्ये दोघं कोर्टात गेले. तडजोडीत त्यांना थोडी रक्कम मिळाली, पण सुपरमॅनच्या कथांवरून त्यांची नावं उतरली. पुढची सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं सुपरमॅनच्या अंकांवर त्याच्या जनकांचं नाव नव्हतं. शुस्टरची दृष्टी अधू होत गेली. सीगल लॉस एंजेलिसमध्ये कारकुनी करू लागला.

१९७५ मध्ये सुपरमॅनवर मोठा सिनेमा बनणार अशी बातमी आली. मार्लन ब्रँडोला त्यातल्या छोट्याशा भूमिकेसाठी ३७ लाख डॉलर मिळाले, यावरून त्या सिनेमातल्या पैशांचा अंदाज यावा. सीगलनं आपली हकिकत लिहून वर्तमानपत्रांना पाठवली. नील ॲडम्स आणि जेरी रॉबिन्सन हे दोन नामवंत चित्रकार त्याच्या बाजूनं उभे राहिले आणि त्यांनी प्रकरण लावून धरलं. कोट्यवधींचा सिनेमा येऊ घातला असताना अशी बदनामी सुपरमॅनच्या प्रकाशकाची मालक असलेल्या वॉर्नर कंपनीला परवडणारी नव्हती. डिसेंबर १९७५ मध्ये दोघांना वर्षाला प्रत्येकी २० हजार डॉलर ठरले आणि नावं परत आली. १९७८ च्या सिनेमात सुपरमॅनचे निर्माते म्हणून सीगल आणि शुस्टर ही नावं मोठ्या पडद्यावर दिसली. कायद्यानं त्यांना काहीच दिलं नव्हतं. जे मिळालं ते सिनेमा येतोय म्हणून मिळालं, आणि हेच पुढे पुन्हा पुन्हा घडलेलं दिसतं.

बॅटमॅनची कथा मला जास्त लागते, कारण तिथे श्रेय दडपण्यात प्रकाशकाच्या जोडीला सहकारीही होता. १९३९ मध्ये बॅटमॅन आला तेव्हा चित्रकार बॉब केननं आपलं एकट्याचं नाव करारात पक्कं करून घेतलं. पण केनच्या पहिल्या कच्च्या चित्रात लाल पोशाख, डोळ्यांवर लहानसा मुखवटा आणि पाठीला कडक पंख होते. डोकं झाकणारा टोकदार कानांचा मुखवटा, पंखांऐवजी झगा, राखाडी-काळा रंग हे सगळं त्याचा सहकारी लेखक बिल फिंगर यानं सुचवलं. बॅटमॅनचं खरं नाव ब्रूस वेन हे फिंगरचं, त्याच्या शहराचं गॉथम सिटी हे नावही फिंगरचं, आणि पहिली कथाही फिंगरनंच लिहिली. म्हणजे आज आपण ज्याला बॅटमॅन म्हणून ओळखतो, त्यातलं बहुतेक फिंगरचं. १९७४ मध्ये तो गेला तेव्हा बॅटमॅनचा निर्माता म्हणून त्याचं नाव कुठेही लागत नव्हतं. ॲडम वेस्ट नायक असलेली बॅटमॅनची टीव्ही मालिका तर त्याच्या हयातीत तुफान चालली होती.

मार्क टायलर नोबेलमन या लेखकानं फिंगरच्या वारसांचा माग काढला आणि त्याची नात सापडली. कुणी वारसच नाही असं ज्याच्याबद्दल मानलं जात होतं, त्याच्या बाजूनं बोलणारं रक्ताचं माणूस उभं राहिलं. सप्टेंबर २०१५ मध्ये डीसी या बॅटमॅनच्या प्रकाशक कंपनीनं फिंगरचं श्रेय मान्य केलं, आणि मार्च २०१६ मध्ये 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन'च्या श्रेयनामावलीत बॉब केनच्या जोडीला बिल फिंगर हे नाव आलं. तो सिनेमा मला आवडत नाही, दोन्ही नायकांचा स्वभाव त्यात हरवला आहे असं माझं ठाम मत आहे. पण त्या एका ओळीसाठी मी त्याचा ऋणी आहे. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या पो पार्कजवळच्या रस्त्याला फिंगरचं नाव दिलं गेलं. केन आणि तो याच बागेत बसून बॅटमॅनच्या कथा रचायचे.

आता कर्बीकडे येतो. मार्व्हलमध्ये कामाची एक खास पद्धत होती. लेखक-संपादक स्टॅन ली कथेचा गाभा तोंडी किंवा पानभर लिहून द्यायचा, चित्रकार पूर्ण कथा पानांवर मांडायचा, आणि ली शेवटी संवाद भरायचा. अशा वेळी कथा कुणाची? १९६१ पासूनच्या काही वर्षांत फँटास्टिक फोर, हल्क, थॉर, एक्स-मेन, ब्लॅक पँथर ही सगळी पात्रं कर्बीच्या पेन्सिलीतून उतरली. ली बोलका, प्रेमळ, गर्दीत रमणारा, म्हणून लोकांच्या मनात सगळं श्रेय त्याच्या नावावर जमा झालं. लीचा वाटा मोठा होता हे मी नाकारत नाही. पण गॅलॅक्टस या ग्रह गिळणाऱ्या महाकाय पात्रासोबत येणारा सिल्व्हर सर्फर कर्बीनं लीला न विचारता पानावर काढला होता, हे लीनंच सांगितलेलं आहे. १९८० च्या दशकात स्वतःच्याच हातची मूळ पानं परत मिळवण्यासाठी कर्बीला मार्व्हलशी झगडावं लागलं. हजारो पानांपैकी सुमारे १,९०० परत आली. १९९४ मध्ये तो गेला.

अमेरिकेच्या १९७६ च्या कॉपीराइट कायद्यात निर्मात्याला किंवा त्याच्या वारसांना ठरावीक काळानंतर विकलेले हक्क परत मागण्याची सोय आहे. मोलानं करून घेतलेल्या कामाला मात्र ती लागू नाही. कर्बीच्या मुलांनी २००९ मध्ये नोटिसा दिल्या, पण कर्बीचं काम असंच मोलानं करून घेतलेलं ठरलं आणि खालच्या दोन्ही कोर्टांत ती हरली. सर्वोच्च न्यायालय प्रकरण ऐकायला घेतं की नाही हे ठरण्याच्या तोंडावर, सप्टेंबर २०१४ मध्ये, मार्व्हलनं तडजोड केली. त्यानंतर कॉमिक्समध्ये लीच्या बरोबरीनं कर्बीचं नाव लागू लागलं. स्पायडर-मॅनचा चित्रकार स्टीव्ह डिटको याच्या वारसांशीही कंपनीनं २०२३ मध्ये तडजोड केली.

हयात असलेल्यांचं काय? मार्व्हलच्या सिनेमांतला मोठा खलनायक थॅनॉस याचा निर्माता जिम स्टार्लिन यानं २०१७ मध्ये उघड सांगितलं की, थॅनॉस, गमोरा आणि ड्रॅक्स या त्याच्या तीन पात्रांचे मिळून मार्व्हलनं जितके दिले त्याहून जास्त पैसे डीसीनं एका किरकोळ खलनायकासाठी दिले. ते गाजल्यावर त्याचा करार सुधारला. कॅप्टन अमेरिकाच्या कथांतल्या विंटर सोल्जरला घडवणाऱ्या लेखक एड ब्रुबेकरला त्या पात्राच्या निर्मितीपेक्षा सिनेमातल्या क्षणभराच्या भूमिकेचे पैसे जास्त मिळाले.

आपल्याकडे 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून मराठीत वेताळ, म्हणजे फँटम, वाचत वाढलेल्या पिढीला मी कधी विचारतो, वेताळ कुणाचा? त्याचा निर्माता ली फॉक याचं नाव फार थोड्यांच्या ओठांवर येतं. वाचक म्हणून आपण पात्रावर जीव लावतो आणि पानाच्या कोपऱ्यातलं नाव वाचतच नाही. मीही कित्येक वर्षं वाचलं नाही.

यातून वेगळी वाट काढली ती १९९२ मध्ये 'इमेज कॉमिक्स' काढणाऱ्या चित्रकारांनी. मार्व्हलची लोकप्रिय मासिकं सोडून बाहेर पडलेल्या या मंडळींचा नियम साधा होता: पात्र ज्यानं घडवलं, ते त्याचंच. लेखक रॉबर्ट कर्कमननं तिथूनच 'द वॉकिंग डेड' आणि 'इन्व्हिन्सिबल' आणले, आणि दोन्ही पडद्यावर गेले तेव्हा सूत्रं त्याच्याही हातात होती. 'इन्व्हिन्सिबल'ची मालिका मला सध्याच्या कित्येक सुपरहिरोपटांपेक्षा सरस वाटते. मूळ लेखक स्वतः तिथे बसून आपल्याच जुन्या चुका दुरुस्त करतो आहे, हे पाहताना जाणवतं.

सध्या मी दर महिन्याला आतुरतेनं वाट पाहतो ती 'ॲब्सोल्यूट बॅटमॅन'ची. ऑक्टोबर २०२४ पासून लेखक स्कॉट स्नायडर आणि चित्रकार निक ड्रॅगोटा ही डीसीची कॉमिक्स मालिका करताहेत. यातला ब्रूस श्रीमंत नाही, त्याची आई जिवंत आहे, तो शहरातला इंजिनिअर आहे. ऐंशीहून अधिक वर्षांच्या पात्राला इतकं ताजं करून दाखवणं सोपं नाही, आणि बॅटमॅनच्या सिनेमांनी हे धाडस अजून केलेलं नाही. उद्या हा धिप्पाड, कष्टकरी बॅटमॅन पडद्यावर आला, तर तो स्नायडर आणि ड्रॅगोटा यांचा नसेल, कंपनीचा असेल. त्या दिवशी दिवे लागले तरी मी खुर्चीत बसून राहीन आणि नामावलीत ती दोन नावं कुठे येतात ते शोधेन.